विश्लेषण : '०.३२' की '०.२२'? स्वसंरक्षणासाठी छोट्या बोअरची बंदूक कितपत कामाची?

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा आकडा चर्चेत आला. एकट्या बीडमध्ये बाराशेहून अधिक परवाने असल्याचं समोर आलं. पुढच्या काही महिन्यांत प्रशासनानं त्यातले शंभराहून अधिक परवाने रद्द केले. दुसरीकडे, २८ मे २०२५ रोजी आसामच्या मंत्रिमंडळानं नेमका उलटा निर्णय घेतला. 'असुरक्षित आणि दुर्गम' भागांत राहणाऱ्या मूळ रहिवाशांना शस्त्रपरवाने सढळपणे देण्याचं धोरण तिथे मंजूर झालं.

एका राज्यात परवाने कमी करण्यासाठी धावपळ आणि दुसऱ्या राज्यात वाढवण्यासाठी. दोन्हीकडे कारण मात्र एकच दिलं जातं, ते म्हणजे नागरिकांची सुरक्षितता. या वादात एक साधा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. परवाना मिळालेल्या भारतीय नागरिकाच्या हातात जी छोट्या बोअरची बंदूक येते, ती अंगावर चालून आलेल्या माणसाला खरोखर थांबवू शकते का? ०.२२, ०.२५, ०.३२ या आकड्यांत फरक किती आणि त्या फरकानं काय बदलतं?

'बोअर' म्हणजे नेमकं काय?

बंदुकीच्या नळीचा आतला व्यास म्हणजे बोअर किंवा कॅलिबर. '०.३२ बोअर' म्हणजे ढोबळमानानं एका इंचाचे बत्तीस शतांश, म्हणजे जवळपास आठ मिलिमीटर. ०.२२ ची गोळी सुमारे साडेपाच मिलिमीटर जाडीची असते. लष्कर आणि पोलीस वापरतात ती ९ मिमी, तर अमेरिकेत लोकप्रिय असलेली ०.४५ ची गोळी साडेअकरा मिलिमीटरची.

बोअर सारखा असला की काडतूस सारखं, असा एक गैरसमज आहे. आपल्याकडे 'बत्तीस बोअर' या एकाच नावाखाली दोन वेगळी काडतुसं चालतात. एक पिस्तुलाचं, ज्याला ७.६५ मिमी असंही म्हणतात. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी शस्त्ररचनाकारानं १८९९ च्या सुमारास ते तयार केलं. दुसरं रिव्हॉल्व्हरचं, 'स्मिथ अँड वेसन लाँग' नावाचं, तेही १८९० च्या दशकातलंच. पहिल्याची गोळी हलकी आणि थोडी वेगवान, दुसऱ्याची जड आणि संथ. एकाचं काडतूस दुसऱ्यासाठी नसतं. म्हणजे भारतातल्या अनेक परवानाधारकांच्या हातात आज जे तंत्रज्ञान आहे, ते सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे.

भारतात निवड इतकी मर्यादित का?

याचं उत्तर बंदुकीच्या दुकानात सापडत नाही, ते कायद्यात आहे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालच्या नियमांनी बंदुकांचे 'प्रतिबंधित बोअर' आणि 'अप्रतिबंधित बोअर' असे दोन गट केले आहेत. हातातल्या बंदुकांपैकी ०.३८० आणि ०.४५५ ची कड असलेली काडतुसं, लष्करी ९ मिमी किंवा बिनकडेची ०.४५ काडतुसं ज्यातून झाडता येतात, ती पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित गटात मोडतात. त्यासाठीचा परवाना केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतो आणि सामान्य माणसाला तो मिळणं जवळपास अशक्य असतं.

ही यादी नीट पाहिली तर तिच्यामागचं सूत्र दिसतं. सरकारी दलांच्या वापरातलं काडतूस ज्या बंदुकीत बसेल, ती बंदूक नागरिकाकडे नको. कोठारातून चोरीला गेलेली काडतुसं बाहेरच्या बंदुकांत वापरली जाऊ नयेत, हा त्यामागचा हिशेब. कोणती गोळी स्वसंरक्षणासाठी योग्य, याचा विचार ही यादी करताना झालेला नाही. सरकारी वापरातली काडतुसं वगळल्यावर जे उरलं, ते नागरिकांच्या वाट्याला आलं. त्यात मुख्यतः ०.३२ आणि काही प्रमाणात ०.२२ आहे.

अप्रतिबंधित बोअरचा परवाना जिल्हाधिकारी देतात आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ अखेर देशात ३३ लाखांहून अधिक परवाने होते. त्यातले पावणेतेरा लाखांच्या आसपास एकट्या उत्तर प्रदेशात होते.

बाजारात मिळतं काय?

देशी हातबंदुकांचा मोठा भाग सरकारी आयुध निर्माणींतून येतो. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं 'निर्भीक' हे ०.३२ चं रिव्हॉल्व्हर खास महिलांसाठी म्हणून आणलं. वजन सुमारे ५०० ग्रॅम आणि किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात. ज्या वर्गातल्या स्त्रियांना रात्रीच्या बसनं प्रवास करावा लागतो त्यांना ही किंमत परवडणार कशी, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला होता. त्यानंतर पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीनं 'निडर' हे ०.२२ चं रिव्हॉल्व्हर आणलं. वजन अवघं २५० ग्रॅम आणि किंमत सुमारे ३५ हजार. ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' हे नवं ०.३२ रिव्हॉल्व्हर आलं. ५० मीटरपर्यंत मारा करणारं म्हणून त्याची जाहिरात झाली.

काडतुसांचा मोठा धागा महाराष्ट्रातून जातो. पुण्याजवळच्या खडकीची दारूगोळा फॅक्टरी १८६९ पासूनची. घटनास्थळी सापडलेल्या पुंगळीच्या बुडावर 'केएफ' अक्षरं होती, असं पोलिसांच्या पंचनाम्यात आणि बातम्यांत अनेकदा वाचायला मिळतं. ती अक्षरं 'किरकी फॅक्टरी'ची, म्हणजे खडकीची. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. त्यातल्या दारूगोळा बनवणाऱ्या 'म्युनिशन्स इंडिया'चं मुख्यालयही पुण्यातच आहे.

आकड्यांत फरक किती?

गोळीची ताकद मोजण्याची नेहमीची पद्धत म्हणजे नळीतून बाहेर पडताना तिच्यात असलेली ऊर्जा. ती गोळीचं वजन आणि वेग यांवर ठरते. बंदुकीच्या नळीची लांबी आणि काडतुसाचा प्रकार यांनुसार आकडे थोडे हलतात, पण ढोबळ चित्र असं आहे :

- ०.२५ : गोळी सुमारे ३.२ ग्रॅम, ऊर्जा ८५ ते ९० ज्यूल
- ०.२२ : गोळी सुमारे २.६ ग्रॅम, हातबंदुकीतून १०० ते १३० ज्यूल
- ०.३२ रिव्हॉल्व्हर : गोळी सुमारे ६.४ ग्रॅम, १५० ते १८० ज्यूल
- ०.३२ पिस्तूल : गोळी सुमारे ४.६ ग्रॅम, १७० ते १८० ज्यूल
- ९ मिमी : गोळी सुमारे ८ ग्रॅम, ४७० ते ५०० ज्यूल
- ०.४५ : गोळी सुमारे १५ ग्रॅम, ४८० ज्यूलच्या आसपास

यादी वाचून वाटेल, ०.३२ ही ०.२२ पेक्षा चांगली दीडपट ताकदवान आणि ९ मिमी तर ०.३२ च्या जवळपास तिप्पट. कागदावर ते खरंही आहे. पण एक तुलना करून पाहू. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १४० किलोमीटर वेगानं येतो, तेव्हा त्यात सुमारे १२० ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे ०.२२ च्या गोळीइतकीच. चेंडू छातीवर बसला तर फलंदाज कळवळतो, थोडं पाणी पितो आणि पुढचा चेंडू खेळतो. गोळी शरीरात शिरते. ऊर्जा तेवढीच असूनही परिणाम वेगळा, कारण गोळीचं काम धक्का देण्याचं नसून भोक पाडण्याचं आहे. ते भोक कुठे पडतं आणि किती खोल जातं, यावर पुढचं सगळं ठरतं.

सिनेमात गोळी लागलेला माणूस चार फूट मागे उडून पडतो. तसं प्रत्यक्षात होत नाही. गोळीचा धक्का समोरच्याला उडवण्याइतका असता, तर न्यूटनच्या नियमाप्रमाणे झाडणाराही तसाच मागे उडाला असता.

माणूस 'थांबतो' म्हणजे काय होतं?

हा प्रश्न जुना आहे आणि त्याचा एक धागा भारतातून जातो. १८९५ च्या चित्रल मोहिमेत ब्रिटिश सैन्याच्या नव्या ०.३०३ रायफलच्या गोळ्या लागूनही वायव्य सरहद्दीवरचे लढवय्ये पुढे येत राहतात, अशी सैनिकांची तक्रार होती. त्यातून कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात टोक उघडं ठेवलेली, शरीरात शिरल्यावर फुलणारी गोळी तयार झाली. तिच्यामुळे होणाऱ्या जखमा इतक्या भयंकर होत्या की १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरण्यावर बंदी घालणारी घोषणा झाली. 'दमदम गोळी' हा शब्द मात्र जगभरच्या भाषांत राहिला.

आधुनिक काळात या प्रश्नाची सर्वांत गंभीर चिकित्सा अमेरिकेच्या एफबीआयनं केली. निमित्त होतं ११ एप्रिल १९८६ ची मायामीची चकमक. दोन दरोडेखोर आणि आठ एफबीआय एजंट यांच्यात पाच मिनिटांहून कमी वेळ गोळीबार झाला. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ मिमीची गोळी लागली होती. ती दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अगदी अलीकडे थांबली. जखम जीवघेणी होती, तरीही तो लढत राहिला. त्याच्या गोळ्यांनी दोन एजंट ठार झाले आणि इतर पाच जण जखमी झाले.

या घटनेनंतर १९८९ मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण अकादमीतून आलेला अहवाल आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्याचं सार असं, की हातबंदुकीची गोळी माणसाला खात्रीनं आणि लगेच थांबवते ते फक्त मेंदू किंवा मज्जारज्जूचा वरचा भाग निकामी झाला तर. बाकी ठिकाणी रक्तस्राव होऊन शुद्ध हरपेपर्यंत वेळ जातो. हृदय पूर्ण निकामी झालं, तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर माणूस १० ते १५ सेकंद हालचाल करू शकतो. चाकू घेऊन दोन-तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसासाठी १५ सेकंद पुष्कळ झाले. म्हणून गोळी महत्त्वाच्या अवयवांपर्यंत पोहोचेल इतकी खोल, किमान १२ इंच, जायला हवी, असा निकष एफबीआयनं ठेवला. या अनुभवानंतर एफबीआय आधी १० मिमी, मग ०.४० अशा मोठ्या बोअरकडे गेली. २०१४-१५ च्या सुमारास मात्र ती पुन्हा ९ मिमीवर आली. गोळ्यांची रचना सुधारली होती आणि कमी धक्क्याच्या पिस्तुलानं एजंटांचे नेम जास्त अचूक लागत होते.

पण अनेकदा माणूस एका गोळीत थांबतो, त्याचं काय?

थांबतो, हे खरं आहे. बहुतेक वेळा त्याचं कारण शारीरिक नसतं. समोरच्याकडे बंदूक आहे हे कळताच, आवाज ऐकताच किंवा रक्त दिसताच अनेक हल्लेखोर पळ काढतात. त्या वेळी बोअर कोणता होता, याला फारसा अर्थ नसतो. पण दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली असलेला, रागानं पेटलेला किंवा ठार मारायचं ठरवूनच आलेला माणूस असा घाबरत नाही. तिथे बोअरचा प्रश्न येतो.

ग्रेग एलिफ्रिट्झ या अमेरिकी पोलीस प्रशिक्षकानं गोळीबाराच्या सुमारे १,८०० प्रत्यक्ष घटनांची माहिती जमवून २०११ मध्ये प्रसिद्ध केली. कितीही गोळ्या लागूनही जो थांबला नाही, अशांचं प्रमाण त्यानं काढलं. ०.२२ मध्ये ते ३१ टक्के, ०.२५ मध्ये ३५ टक्के आणि ०.३२ मध्ये ४० टक्के होतं. ९ मिमी आणि ०.४५ मध्ये ते १३-१४ टक्क्यांवर आलं.

हे आकडे जपून वाचायला हवेत. ०.३२ च्या फक्त २५ घटना त्यात होत्या, त्यामुळे '०.३२ पेक्षा ०.२२ बरी' असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. शिवाय ही माहिती एका व्यक्तीनं गोळा केलेली आहे, प्रयोगशाळेतली नाही. पण दोन गोष्टी ठळक दिसतात. छोट्या बोअरच्या तिन्ही गोळ्या एकमेकींच्या आसपास आहेत आणि त्या सगळ्यांत 'न थांबण्याची' शक्यता मोठ्या बोअरच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणजे भारतीय परवानाधारक ज्या ०.२२ आणि ०.३२ मध्ये निवड करतो, त्या दोन्ही एकाच गटातल्या आहेत.

छोटी गोळी म्हणजे कमी धोकादायक का?

इथे सर्वांत मोठी गफलत होते. 'थांबवणं' आणि 'जीव घेणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छोटी गोळी हल्लेखोराला त्या क्षणी थांबवेलच असं नाही. पण तीच गोळी काही मिनिटांनी किंवा तासांनी त्याचा जीव घेऊ शकते.

अमेरिकेतलीच दोन प्रसिद्ध उदाहरणं पाहा. जून १९६८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी यांच्यावर ०.२२ च्या रिव्हॉल्व्हरनं गोळ्या झाडण्यात आल्या. डोक्यात लागलेल्या गोळीनं दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावरही ०.२२ च्याच रिव्हॉल्व्हरनं हल्ला झाला. गोळी मोटारीवर आपटून त्यांच्या छातीत शिरली होती, तरी ते स्वतःच्या पायांनी चालत रुग्णालयात गेले. तिथे ते कोसळले, पण शस्त्रक्रियेनंतर वाचले. बोअर एकच होता. गोळी कुठे लागली आणि उपचार किती लवकर मिळाले, यावर फरक पडला.

बोअरचा परिणाम अजिबातच होत नाही, असं मात्र नाही. अँथनी ब्रागा आणि फिलिप कुक या संशोधकांनी बोस्टन शहरात २०१० ते २०१४ या काळात झालेल्या गोळीबाराच्या घटना तपासल्या. २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, ०.२२, ०.२५, ०.३२ अशा छोट्या बोअरच्या तुलनेत ०.३८ आणि ९ मिमीसारख्या मध्यम बोअरच्या हल्ल्यात मृत्यूची शक्यता २.३ पट, तर त्याहून मोठ्या बोअरमध्ये ४.५ पट होती. समाजात छोट्या बोअरच्या बंदुका असतील तर हत्या कमी होतात, असा त्याचा अर्थ. आपल्या कायद्यानं वेगळ्याच कारणासाठी लावलेल्या बंधनाचा हा एक अनपेक्षित फायदा म्हणता येईल. पण जी गोष्ट समाजाच्या हिताची, तीच परवानाधारकाच्या बाजूनं पाहिली की त्याच्या बंदुकीची मर्यादा ठरते.

मग ०.२२ आणि ०.३२ मध्ये निवड कशावर करायची?

तज्ज्ञ सहसा तीन मुद्दे पुढे ठेवतात. पहिला भरवशाचा. ०.२२ च्या काडतुसात ठिणगी पडणारं रसायन बुडाच्या कडेत पसरलेलं असतं, तर ०.३२ मध्ये ते मध्यभागी वेगळ्या टोपीत बसवलेलं असतं. कडेची रचना स्वस्त पडते, पण तिच्यात काडतूस न फुटण्याचं प्रमाण जास्त असतं. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात मात्र वरचा भाग हातानं मागे ओढून ते काडतूस काढावं लागतं. घाबरलेल्या हातांना हे जमवणं अवघड असतं.

दुसरा मुद्दा खोलीचा. साध्या घट्ट टोकाची ०.३२ ची गोळी साधारणपणे पुरेशी खोल जाते. फुलणारी गोळी छोट्या बोअरमध्ये फुलली की तिचा वेग तिथेच संपतो आणि ती उथळ राहते. मोठ्या बोअरमध्ये जी गोळी उत्तम मानली जाते, ती छोट्यात उपयोगाची ठरेलच असं नाही.

तिसरा मुद्दा हाताचा. २५० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर पर्समध्ये सहज मावतं, पण बंदूक जितकी हलकी आणि नळी जितकी आखूड, तितका नेम धरणं कठीण. ०.२२ चा झटका कमी असल्यामुळे ज्यांच्या हातात फारसं बळ नाही त्यांनाही ती आवरते आणि गोळ्या नेमक्या जागी लागण्याची शक्यता वाढते. ०.३२ मध्ये गोळी जड आणि काडतूस भरवशाचं. दोन्ही बाजूंना काही ना काही आहे. पण हा सगळा फरक सरावापुढे लहान ठरतो. आणि भारतात खरी अडचण सरावाचीच आहे. परवान्यावर काडतुसांची मर्यादा नोंदलेली असते, काडतुसं महाग असतात आणि सामान्य परवानाधारकाला सराव करता येईल अशी मैदानं मोजकीच. शस्त्र नियम २०१६ नं परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आवश्यक केलं आहे, पण एकदा घेतलेलं प्रशिक्षण आणि दर महिन्याचा सराव यांत मोठं अंतर आहे. अनेक घरांत रिव्हॉल्व्हर एकदा विकत घेतलं जातं, कपाटात जातं आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा करण्यापुरतंच बाहेर येतं.

घरातल्या बंदुकीचा धोका कोणाला?

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला गोळी लागली. बंदूक त्यांचीच, परवान्याची. बाहेर जाण्यापूर्वी ती कपाटात ठेवताना हातातून निसटली आणि गोळी सुटली, असं तेव्हा सांगण्यात आलं. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला दहिसरमध्ये फेसबुक लाइव्ह सुरू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. हल्लेखोरानं नंतर स्वतःवरही गोळी झाडली. पोलिसांच्या तपासानुसार ते पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावे परवान्यावर घेतलेलं होतं.

अपघात, घरातलं भांडण, आत्महत्येचा विचार, लग्नातला गोळीबार किंवा दुसऱ्याच्या हाती लागलेलं शस्त्र या सगळ्या प्रसंगांत गोळी अगदी जवळून सुटते आणि समोरचा सावध नसतो. तिथे ०.३२ किंवा ०.२२ ची 'मर्यादा' कामी येत नाही. ठरवून आलेल्या हल्लेखोरापुढे जी बंदूक अपुरी पडू शकते, तीच घरातल्या माणसाचा जीव घ्यायला पुरेशी असते. छोट्या बोअरच्या बंदुकीविषयी परवाना मागण्याआधी समजून घ्यायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

कायदा काय म्हणतो?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत हीच तरतूद कलम ९६ ते १०६ मध्ये होती. मृत्यू किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा प्रसंगांत हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी हा हक्क लागू होऊ शकतो. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की खरोखर इजा होईपर्यंत थांबायची गरज नाही, वाजवी भीती पुरेशी आहे.

पण त्याला दोन कुंपणं आहेत. बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. आणि पोलिसांकडे जाण्याइतका वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. इथे छोट्या बोअरची अडचण कायद्याच्याही अंगानं पुढे येते. पहिल्या गोळीनं हल्लेखोर थांबला नाही म्हणून दुसरी, तिसरी झाडली गेली, तर नेमक्या कोणत्या क्षणी धोका संपला होता आणि पळणाऱ्याच्या पाठीत गोळी कशी लागली, याची उत्तरं न्यायालयात द्यावी लागतात. जे काही सेकंदांत घडतं, त्याची चिरफाड वर्षानुवर्षं चालते.

मग निष्कर्ष काय?

'०.२२ की ०.३२' या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर द्यायचं तर भरवसा आणि खोली यांत ०.३२ थोडी पुढे आहे आणि हाताळायला ०.२२ सोपी आहे. पण दोन्हींकडून 'एका गोळीत खात्री' मिळत नाही. तशी खात्री ९ मिमीकडूनही मिळत नाही, हे मायामीत एफबीआयनं अनुभवलं. बंदुकीचा मुख्य उपयोग समोरच्याला घाबरवून परत पाठवण्यापुरता होतो, आणि ज्याला घाबरवता येत नाही त्याच्यासमोर नेम, सराव आणि नशीब यांवर सगळं येऊन ठेपतं.

म्हणून परवाना मागणाऱ्यानं बोअरच्या आधी दुसरे प्रश्न विचारायला हवेत. धोका नेमका कोणाकडून आणि कुठे आहे? तो घराच्या दारात येणार की रस्त्यावर? बंदूक त्या क्षणी हाताशी असेल का, की कपाटात? घरात लहान मुलं आहेत का, कोणी नैराश्यात आहे का? वर्षातून किती वेळा आपण प्रत्यक्ष नेमबाजी करणार आहोत? दार, कुलूप, कॅमेरा, शेजारी आणि पोलीस ठाण्यात वेळेवर नोंदवलेली तक्रार यांतून तोच धोका कमी होतो का?

परवाना देणाऱ्या प्रशासनासमोरही प्रश्न आहे. बीडमध्ये परवाने रद्द होतात आणि आसाममध्ये वाटले जातात, पण दोन्हीकडे अर्जदाराच्या जिवाला असलेला धोका पोलिसांनी कसा तपासला आणि परवाना दिल्यावर तो किती वेळा पुन्हा तपासला, याची माहिती लोकांसमोर येत नाही. गावात ज्याच्या कमरेला रिव्हॉल्व्हर दिसतं, त्याच्यापासून स्वतःला वाचवायचं असलेल्या माणसाकडे सहसा परवानाही नसतो आणि लाख-सव्वा लाख रुपयेही नसतात. त्याची सुरक्षितता कोणत्याही बोअरवर अवलंबून नाही. त्यानं दिलेल्या तक्रारीवर पोलीस ठाण्यात काय होतं, यावर ती अवलंबून आहे.